एकाच नावाचा शोधनिबंध

मी एक जुना शोधनिबंध आहे. चार पानांचा, करड्या कागदावर छापलेला. हसू नका, मित्रांनो. छत्र्या आणि फाटकी पुस्तकं आपली कहाणी सांगतात तेव्हा तुम्ही डोळे पुसता, मग मीच तुमचं काय घोडं मारलंय?

माझा जन्म सास्तूरचा, बहात्तरच्या दुष्काळानंतरचा. विहिरी आटलेल्या, सगळं गाव पायऱ्या उतरून एकाच बारवेचं पाणी भरायचं. त्या पाण्यातल्या बारीक किड्यांपासून नारू व्हायचा. पायातून दोऱ्यासारखी लांब अळी निघायची आणि धडधाकट माणूस खाटेला खिळायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर नागम्मा घरोघर सांगत फिरल्या, पाणी फडक्यानं गाळा. बायांनी गाळलंही. तरी नारू काही हटेना!

मग नागम्मा बारवेवरच जाऊन बसल्या आणि घोळ सापडला. एक घागर भरली की बाया तेच ओलं फडकं दुसरीवर टाकायच्या आणि घाईत ते उलटं पडायचं. अडकलेले किडे पाण्याबरोबर थेट घागरीत! नागम्मांनी गफार शिंप्याकडून फडक्यांच्या एका बाजूला लाल टाका घालून घेतला आणि ती बाजू कायम वर ठेवायला सांगितलं. गावच्या सोसायटीनं रेशनबरोबर ती फडकी वाटली. नारू कमी होत गेला. हे सगळं त्यांनी लिहून काढलं, तोच मी.

तेवढ्यात शहरातल्या एका कॉलेजात संशोधकाची जागा निघाली. नागम्मांना ती मनापासून हवी होती, कारण तिथं प्रयोगशाळा होती. तिथल्या मोठ्या साहेबांनी मला वाचलं, तोंडभरून कौतुक केलं आणि सांगितलं, पहिलं नाव माझं टाका. परदेशी मासिकात छापून आणतो, लोक आपल्या निबंधांत त्याचा संदर्भ घेतील, जागा तुमचीच.

"बारवेच्या पायऱ्या तुम्ही उतरला नाहीत," नागम्मा म्हणाल्या. "नाव माझं एकटीचंच राहील."

झालं! मी एका किरकोळ त्रैमासिकात छापला गेलो. मुलाखतीत विचारलं, निबंध किती? एक. संदर्भ कुणी घेतला? कुणीच नाही. जागा गठ्ठाभर निबंधवाल्याला मिळाली. परतताना नागम्मा तुळजापूर येईपर्यंत एसटीत रडत होत्या. मी त्यांच्या पिशवीत होतो, मला ठाऊक आहे. मला लई राग आला होता.

त्या पिशवीतच मी राहिलो, भाकरीच्या डब्याखाली, तेलकट होत. बरीच वर्षं गेली. एकदा एका तपासणी अधिकाऱ्याबरोबर नागम्मा कळंबकडच्या एका गावात गेल्या. तिथं त्यांनी कधीच काम केलं नव्हतं. सिताबाई नावाची बाई पाणी गाळत होती, लाल टाका वर ठेवून. नागम्मांनी विचारलं, हे कुणी शिकवलं?

"शिकवायचं काय त्यात?" सिताबाई म्हणाली. "आमच्यात असंच गाळत्यात."

अधिकारी हळूच म्हणाले, सांगा ना तिला, हे तुमचं संशोधन आहे. नागम्मांनी नकारार्थी मान हलवली. त्या हसत होत्या आणि डोळे वाहत होते.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं गाऱ्हाणं मी घालणार नाही. खुशाल रद्दीत द्या, माझं काम आता माझ्यावाचून चालतंय. एवढंच ऐका. दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव चढवू नका. आणि तुमच्या कष्टावर कुणी चढवायला आलं, कितीही मोठा साहेब असला, तरी तोंडावर नाही म्हणा. मागून रडू येईल. येऊ द्या. पण नाहीच म्हणा.