काष्टीहून साळव्यांच्या गोठ्यात

मी चंद्री झुंबरबाई दातीर. वय वर्षे आठ. जातीने पंढरपुरी म्हैस. रंग काळाभोर, शिंगे खांद्यांच्या मागे गेलेली. माझ्या नावात वडिलांचे नाव नाही, याबद्दल वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आमच्या समाजात ते कोणी विचारीत नाही.

माझा जन्म श्रीगोंदा तालुक्यात, झुंबरबाईंच्या गोठ्यात झाला. माझी पहिली धार त्यांनीच काढली आणि पुढे अन्य कोणाचा हात मी कासेला लागू दिला नाही. धार काढताना त्या माझ्याशी बोलत असत. खरे सांगावयाचे तर, जगाशी भांडत असत. "ऐकती का गं चंद्रे? थोरलीनं आज पुन्हा दूध उतू घातलं! सांगाया गेलं तर तोंड वाकडं!" असे शब्द कानी पडले की माझा पान्हा आपोआप उतरे.

गेल्या हिवाळ्यात माझे रेडकू दगावले. त्याच सुमारास झुंबरबाईंच्या गुडघ्यांनी उकिडवे बसणे नाकारले. त्यांच्या मुलाने मला काष्टीच्या बाजारात उभे केले.

बाजारात माणसे आमचे दात पाहतात, कास दाबतात, शेपटी उचलतात. प्रज्ञाबाई साळवे यांनी तसे काही केले नाही. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून विचारले, "येणार का आमच्याकडं?"

दलाल खो खो हसला. "ताई, म्हस हाय ती, नवरी न्हाई!"

मला मात्र तो प्रश्न अत्यंत योग्य वाटला. तो मला यापूर्वी कोणी केलेला नव्हता.

साळवे कुटुंब चिंचवडहून नुकतेच आले होते. पती महेंद्रराव ज्या कारखान्यात काम करीत, तो बंद पडला. त्यांचे वडील उत्तमराव यांनी एस.टी.त वाहक असताना काष्टीजवळ थोडी जमीन घेऊन ठेवली होती. तेथे राहण्याचे सुख मात्र त्यांना लाभले नाही. त्याच जमिनीवर या तरुण जोडप्याने पत्र्याचे घर उभारले. सोबत तीन वर्षांची मोनिका. प्रज्ञाबाईंच्या तळहातांना फोड आले आणि फुटले, तेव्हा त्यांनी चिंधी बांधून पुन्हा खुरपे हाती घेतले, हे मी स्वतः पाहिले आहे. महेंद्ररावांनी सऱ्यांसाठी काढलेला पाट पहिल्याने उलट्याच बाजूला वाहिला. त्यांनी तो न चिडता पुन्हा काढला.

त्यांचे ठरले होते असे : कांदा हाती येईपर्यंत घर माझ्या दुधावर चालवावयाचे. ते जमले तर येथे राहावयाचे. न जमल्यास चिंचवडला परत. तेथील भाड्याची खोली त्यासाठीच अजून सोडलेली नव्हती.

आणि मी पान्हा सोडला नाही.

यात माझा हट्ट नव्हता. रेडकू नाही, ओळखीचा हात नाही. पान्हा बोलावून येत नसतो.

त्यांनी प्रयत्न मात्र शास्त्रशुद्ध केले. मोबाईलवर पाहून प्रज्ञाबाईंनी सुगंधी जंतुनाशकाने हात धुतले, रबरी मोजे चढवले आणि गव्हाणीवर मोबाईल ठेवून मला बासरी ऐकवली. जंतुनाशकाने मला शिंका आल्या. बासरीच्या मध्येच एक जाहिरात किंचाळली, तेव्हा मी दचकून बादली लाथाडली.

महेंद्रराव कडब्यावर बसून पोट धरून हसू लागले. "म्हशीचं ऑपरेशन करायला आल्यासारखी दिसतेस!"

"हसा. उद्यापासून तुम्ही बसा खाली."

दुसऱ्या दिवशी ते बसले. त्यांना मी शेपटीने उत्तर दिले.

पुढे हसणे संपले. दूध कासेत कोंडून राही आणि हळूहळू आटू लागले. दलालाने फोनवर सल्ला दिला, "सुई टोचा. लगेच सोडती का न्हाई बघा." महेंद्ररावांनी पान्हा उतरवणाऱ्या औषधाची बाटली आणली. प्रज्ञाबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"तिला टोचून दूध काढायचं नाही."

"मग शनिवारी तिला बाजार दाखवावा लागेल. आणि आपल्याला चिंचवड."

"दाखवा," असे त्या म्हणाल्या खऱ्या.

परंतु दुसऱ्या दिवशी त्या झुंबरबाईंच्या गावी जाऊन त्यांचे वापरातले लुगडे मागून घेऊन आल्या. झुंबरबाईंचा निरोपही त्यांनी पतीला ऐकवला : "ने बाई, पर ती लई हुशार हाय. लुगड्याला भुलायची न्हाई."

शनिवारी उजाडताच मला बाजारात नेण्यास टेम्पो यावयाचा होता. त्याआधी प्रज्ञाबाई ते लुगडे अंगाभोवती गुंडाळून माझ्यापाशी बसल्या. मिसरीचा आणि गोवऱ्यांच्या धुराचा वास आला. मी हुंगले. आतील बाई निराळी होती. मी पाय आखडला.

तेव्हा त्यांनी कपाळ माझ्या कुशीला टेकले.

"हुंगतेस काय? मीच आहे. फसवायला आले होते, तेही जमेना. तुझं बाळ गेलं, कळतं मला. पण माझं काय? आई म्हणते, एवढं शिकवलं ते शेण काढायला का? आणि हे म्हणाले, गावाला मोकळी हवा! हवाच आहे नुसती! न्हाणीत साप निघतो, मोटार लावली की वीज जाते! तरी मला जायचं नाही, कळलं? माझ्या हातानं लावलेला कांदा उभा राहिलाय. मोनी इथं धावते, तिथं तिला भिंत आडवी यायची. आणि तू एक म्हैस, तू मला हाकलणार?"

माझी कास सैल झाली. धार बादलीच्या तळावर वाजली.

प्रज्ञाबाई चकित होऊन गप्प झाल्या. धारही मंदावली.

"थांबू नको," दारातून महेंद्रराव हळूच म्हणाले. "माझ्यावरून भांड, पण थांबू नको."

"तुमच्यावरून तर दुसरी बादली लागेल!" त्या रडत हसत म्हणाल्या, आणि खरोखरच सुरू झाल्या. सासूबाईंच्या जुन्या टोमण्यांपासून महेंद्ररावांच्या घोरण्यापर्यंत मी सर्व ऐकून घेतले. मनुष्य मनातले मनातच ठेवून किती काळ कष्ट करू शकतो, याचे मला त्या सकाळी नवल वाटले. या बाईंविषयीचा आदर त्याहून अधिक वाटला.

टेम्पो आला, तेव्हा महेंद्ररावांनी चालकाला माझ्या दुधाचा चहा पाजला आणि टेम्पो रिकामाच परत पाठवला.

त्यानंतर दोन वेळचे दूध डेअरीत जाऊ लागले. त्याच महिन्यात साळव्यांनी चिंचवडची खोली सोडली आणि तेथील सामान येथे आणले.