शेवंताचं औषध

अमेरिकेत गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली, आणि त्यामुळे दर्यापुरात किसनरावांकडे छत्री आली. मधला दुवा कापूस. तिकडचा कापूस अडला, इकडच्याला भाव आला, आणि किसनराव अमरावतीला जाऊन छत्री घेऊन आले. पाऊस संपून तीन महिने झाले होते. पण छत्री घेतली म्हणजे चार लोकांना उघडून दाखवली पाहिजे. त्यांनी ती पौषातल्या खडखडीत दुपारी, आमच्या काकांच्या घोडीच्या तोंडासमोर उघडली.

घोडीचं नाव शेवंता. ती चार पायांवर उडाली आणि तीन पायांवर उतरली. चौथा पाय काळ्या मातीच्या भेगेत गेला.

"नवी हाये," किसनराव छत्री मिटत म्हणाले. घोडीला की काकांना, ते कळलं नाही.

काका म्हणजे खुशालराव पाटील. शेवंता तीन दिवसांची असताना तिची आई मेली, तेव्हा काकांनी चिंधीचा बोळा शेळीच्या दुधात बुडवून तिला वाढवली. घरात मूल म्हणून पुतण्या, म्हणजे मी होतो. पण माझ्यासाठी काका कधी पहाटे उठल्याचं ऐकिवात नाही.

अचलपुराहून इनायतुल्ला सलोत्र्यांना बोलावलं. घोड्यांच्या वैद्यकीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते स्वतः बैलगाडीतून आले. घोड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

त्यांनी पाय चाचपला, हळदीचा लेप लावून पट्टी बांधली आणि म्हणाले, "हड्डी साबूत हाये, पाटील. नस दुखावली. चाळीस दिवस हिले तबेल्यात शांत उभी ठेवा. शांत राह्यली तं पह्यल्यासारखी धावंल. नाचत राह्यली तं नस तुटंल, मंग घोडी बसते. अन् बसलेली घोडी पुन्ना उठत नाई."

काकांच्या कपाळावर इतका घाम आला की सलोत्र्यांनी सवयीने त्यांचीही नाडी पाहिली.

शेवंताला शांत राहायचं नव्हतं. ती खुरांनी जमीन उकरायची, दावणीभोवती गरगर फिरायची, दोन दिवसांत तिने पट्टी तीनदा सोडवली. सलोत्र्यांनी मन निवण्याचं चूर्ण केलं: जटामांसी, खसखस आणि आसगंध. आसगंध म्हणजे अश्वगंधा; त्याला घोड्याचा वास येतो, म्हणून हे नाव. घोडीला त्याचं काय कौतुक असणार? तिने चूर्ण गुळातून ओळखलं, ज्वारीच्या पिठातून ओळखलं, सरकीतूनही ओळखलं, आणि शेवटी तोबऱ्यात जोरात फुंकर मारून सगळं सलोत्र्यांच्या दाढीत उडवलं. दाढी दिवसभर अत्यंत शांत होती.

काका दर पाच मिनिटांनी तबेल्यात जाऊन ओरडायचे, "शेवंते, घाबरू नोको वं! काईच झालं नाई तुले!" हा आवाज ऐकून शेजारचा बैलसुद्धा घाबरायचा.

चौथ्या दिवशी गोदाबाई आल्या. अर्ध्या दर्यापूरला जगात आणणारी ही सुईण. त्या आजाऱ्याला पाहायला आल्या होत्या, कारण आमच्याकडे आजारी कोण, हे न पाहता पाहायला येण्याची पद्धत आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"येडे का काय तुमी सारे? अंगावरच्या लेकराले औषध कोनी पाजते का? त्याच्या मायले देतेत. मायचं लेकराले लागते."

"तिची माय तं कईच मेली," काकू म्हणाल्या.

"मंग वाढोली कोनं?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"अवं गोदे, पन हे का दूध पाजून राह्यले का आता?" काकू म्हणाल्या.

"आता नाई. तवा पाजलं ना? लागलेलं लागते, पार्वताबाई. मी साठ वर्सं पाहून राह्यली."

सलोत्री चिडले. "हे घोड्याचं औषध हाये, बाई! आदमीले काहून देता?"

"आदमीले नाई, मायले," गोदाबाई म्हणाल्या.

इतक्यात शेवंताने चौथ्यांदा पट्टी सोडवली. काका उठले, पागोटं नीट केलं आणि म्हणाले, "द्या मले."

सलोत्री हट्टी, पण कामाचे पक्के. औषध द्यायचंच तर वजन करून देईन म्हणाले. काकांना कापसाच्या मोठ्या काट्यावर, गठ्ठ्यांच्या समोर बसवलं. काका पावणेदोन मण भरले. घोडी अंदाजे साडेदहा मण. तेव्हा घोडीचा सहावा हिस्सा, सकाळ-संध्याकाळ, गुळातून.

पण गोदाबाईंचं एवढ्यावर भागणार नव्हतं. औषध म्हटलं की पथ्य, आणि आईचं पथ्य म्हणजे बाळंतिणीचं. चाळीस दिवस सलोत्र्यांनीच सांगितले होते. सव्वा महिना तेवढाच असतो, म्हणजे शास्त्रही त्यांच्या बाजूचं. तबेल्यात शेवंताशेजारी बाज टाकली. काकांचे कान फडक्याने घट्ट बांधले. मिरची बंद, आंबट बंद, वारा बंद. शेपा चावायच्या आणि डिंकाचे लाडू खायचे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी.

किसनराव पाहायला आले. बाजेजवळ बसून त्यांनी विचारलं, "पाटील, काई तरास?"

"आँ?" काका म्हणाले.

"तरास, तरास!"

"लाडू खाता का?" काका म्हणाले.

आणि शेवंता शांत झाली. पहिल्या दिवशी थोडी, तिसऱ्या दिवशी बरीच. सहाव्या दिवशी तिने मागचा एक पाय सैल सोडून सगळा भार बाकीच्यांवर दिला, खालचा ओठ लोंबता ठेवला आणि काकांच्या खांद्याला नाक लावून डुलक्या घेऊ लागली. घोडं निर्धास्त असलं तरच असं उभं राहतं. सलोत्री बराच वेळ पाहत राहिले. मग बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "ह्ये कोनाले सांगू नोका. माझा धंदा बसंल."

तिसाव्या दिवशी चूर्ण संपलं. जटामांसी अमरावतीहून यायची, आणि अमरावतीच्या सगळ्या गाड्या कापसात गुंतलेल्या. गाडीवानाला म्हटलं, "एक पुडी आन रे," तर तो म्हणाला, "कापूस हाये का पुडीत?" दहा दिवस बाकी होते. नस अजून कच्ची होती. सलोत्र्यांना घाम फुटला. त्यांनी तबेल्यात जाऊन, काकांच्या कानाचं फडकं बाजूला करून, हळू आवाजात सांगितलं, "पाटील, दवाई संपली. धीर सोडू नोका."

"मी ते पाचव्या दिसापासून थुकून राह्यलो," काका म्हणाले. "लयच कडू."

"मंग तुमी इतके शांत कसे?"

काकांनी विचार केला. तो त्यांनी आडवं पडूनच केला.

"कान बांधले ना, तईपासून मले काईच आयकू येत नाई. भाव काय झाला, कोनाचा बैल कोनाच्या वावरात गेला, कोनं काय घेतलं, काईच नाई. अन् मी ओरडलो तं मलेच आयकू येत नाई, मंग ओरडून काय फायदा?" त्यांनी फडकं पुन्हा घट्ट केलं. "आता जा. ते निजली हाये."

सलोत्री बाहेर आले. त्यांनी गोदाबाईंना हे सांगितलं. गोदाबाई जराही गडबडल्या नाहीत.

"मंग? मायले आराम भेटला तं लेकराले भेटलाच."

चाळीसाव्या दिवशी तबेल्याचं दार उघडलं. अंगणात माणसं जमली होती. सलोत्र्यांनी पट्टी काढली, अंगठ्याने नस वरपासून खालपर्यंत दाबत नेली आणि बाजूला झाले. शेवंता उंबऱ्याशी थांबली. तिने तो पाय पुढे ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग भार दिला. काकूंनी माझा हात धरला होता. तो महिनाभर दुखला.

शेवंता चार पावलं चालली, मग दुडकी, मग थेट वेशीपर्यंत आणि परत, शेपूट उभारून. चारी टापा सारख्या वाजत होत्या. सलोत्री डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते.

"बरी झाली," ते म्हणाले.

गोदाबाईंनी शेवंतावरून मीठ उतरवलं, मग आत जाऊन काकांवरूनही उतरवलं. काका बाजेवर उठून बसले होते. त्यांनी दारातून शेवंताला धावताना पाहिलं, दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि गोदाबाईंना विचारलं, "सव्वा मयना झाला?"

"झाला."

"नीट मोजला का?"

शेवंता अंगणाला दोन फेऱ्या मारून आपणहून तबेल्यात शिरली, बाजेशेजारी उभी राहिली आणि तिने मागचा एक पाय सैल सोडला. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. घोडी उत्तम धावते, अकोल्यापर्यंत जाऊन येते. फक्त तिला बाहेर काढायचं असलं की आधी काकांना बाजेवरून उठवावं लागतं, आणि त्याला मात्र दोन माणसं लागतात.