चरवीतलं दूध

रंगुबाईनं घोंगडं घडी करून गाठोड्यात कोंबलं आणि गाठ दातांनी ओढून आवळली. बाहेर तिचा धाकटा भाऊ बिराप्पा घोडीवर बिऱ्हाड लादत होता. दिवाळी सरली होती. मेंढरं आजच कोकणच्या वाटेला लागायची होती.

"आक्का, औंदा तरी येतीस न्हवं?"

"औंदा कोण अडवतंय? संस्थानच बुडालं की रं!"

तीस वर्षांमागं शिकारीला आलेले राजेसाहेब गावाच्या वेशीत थांबले होते आणि तरण्या रंगुबाईनं त्यांच्यापुढं शेळीच्या दुधाची चरवी धरली होती. एवढीच काय ती गोष्ट. पण गावानं त्या गोष्टीचं देऊळ करून टाकलं. दादासो पाटलांनी रंगुबाईला चावडीला लागून खोली दिली. मामलेदार येवो की फौजदार, तिनं वेशीतल्या त्याच दगडावर उभं राहायचं, त्याच चरवीतून पाहुण्याला दूध पाजायचं आणि राजानं ती एका दमात कशी रिती केली ते सांगायचं. दर दिवाळीला ती गाठोडं बांधायची, अन् नेमका पाटलांकडं कुणीतरी बडा माणूस यायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. गावच्या माळावर बिराप्पाची मेंढरं पाटलांच्या शब्दावर चरायची. पाय धुऊन पूजा करायची आणि त्याच पायात साखळी घालायची, असला हा मान! जळ्ळा मेला तो मान.

दारात सावली पडली. पाटीलच होते.

"रंगुबाई, चरवी घ्या. साताऱ्याहून पुढारी आल्यात, गंगाधरपंत."

"आवं पाटील, राजा गेला. आता त्याचं कवतिक कुणाला?"

"मोटार हुबी हाय वेशीत. चला बिगी बिगी."

बिराप्पानं मान खाली घातली. "मेंढरं म्होरं काढतो, आक्का. वढ्यापाशी थांबतो जरा."

रंगुबाईनं चरवी उचलली. मनाशी म्हणाली, आज निकालच लावते.

वेशीत निम्मं गाव जमलं होतं. ती दगडावर चढली. गंगाधरपंतांनी चरवी तोंडाला लावली, चार घोट घेतले आणि खादीच्या रुमालानं मिशा पुसल्या.

"हं, सांगा बाई. राजेसाहेब इथंच दूध प्यायले?"

"न्हाई," रंगुबाई म्हणाली. "राजा न्हाई प्याला. त्यानं वास घेतला, नाक मुरडलं, आन् चरवी शिकारी कुत्र्याम्होरं ठेवली. कुत्र्यानं चाटूनपुसून रिती केली. हीच ती चरवी. आजवर लय सायेब प्याले हिच्यातनं."

पाटलांचा चेहरा पांढराफटक पडला. रंगुबाईला मात्र तीस वर्षांत पहिल्यांदाच छातीभर श्वास घेता आला. हाकला आता मला, ती मनात म्हणाली. लवकर हाकला, मेंढरं वढ्यापाशी असतील.

गंगाधरपंतांनी चरवीकडं पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं आणि मांडीवर थाप मारून हसले.

"वा! ऐकलंत, पाटील? रयतेचं दूध राजानं कुत्र्याला पाजलं! अहो, आम्ही तासभर भाषण करतो, तेव्हा कुठं लोकांना पटतं. ही बाई चार वाक्यांत सांगते! उंब्रजला सभा आहे परवा. मग कऱ्हाड, मग सांगली. यांना मोटारीतून घेऊन जातो. चरवीसकट."

पाटलांच्या तोंडावर पुन्हा रंग चढला. "आमी कवापासनं म्हणतोय सायेब, ह्या बाईला लोकांम्होरं आणाय पायजे."

"आणि बाई, कुत्रं कसल्या रंगाचं होतं? लोक विचारतील."

ओढ्याकडून मेंढरांच्या घंटा ऐकू येत होत्या. त्या बराच वेळ एकाच जागी वाजत राहिल्या आणि मग हळूहळू लांब गेल्या.

"तांबडं," ती म्हणाली.

"रंगुबाई," पाटील लगबगीनं म्हणाले, "पाव्हण्यास्नी बसाय घोंगडं आणा जावा."

ती खोलीत गेली आणि गाठोड्यापुढं बसली. दातांनी आवळलेली गाठ तिच्या बोटांना सुटेना. शेवटी पाटील आत आले आणि त्यांनीच ती सोडली.