पूजा केलेली वायर

मित्रांनो, मी एक जुनी काळी वायर आहे. वाशीच्या एका ऑफिसच्या माळ्यावर वेटोळे होऊन पडले आहे. माझ्या पोटात तांब्याची तार आहे, तिच्यावर पांढरा जाड थर, त्यावर जाळी आणि वर काळे कातडे. मला बनवले होते टीव्हीसाठी. कुणाच्या तरी गच्चीवरून मी चित्रे घरात आणली असती. पोरांनी वाकून विचारले असते, "आलं का गं चित्र?" एवढेच माझे स्वप्न होते. ते माणसांनी बुडवले.

न्हावा शेव्याला नवे बंदर सुरू झाले त्या सालची गोष्ट. नंदकिशोर पाटणकर यांचे ऑफिस बंदरातल्या मालाचे कस्टमचे कागद तयार करायचे. त्यांनी तीन कॉम्प्युटर घेतले. ते एकमेकांना जोडायचे होते. मशीनवाल्या कंपनीचा इंजिनियर म्हणाला, "साहेब, ह्याची केबल वेगळी असते. मुंबईतही शिल्लक नाही, बाहेरून मागवावी लागेल. दिवाळीनंतर येईल."

"दिवाळीनंतर?" पाटणकर भडकले. "दसऱ्याचा मुहूर्त सोडून मशीन चालू करू? लोक हसतील मला!"

मग अँटेनावाला पोपट आला. दुकानातून मला खांद्यावर टाकूनच आला. "साहेब, टेन्शन कशाला घेता? आत तांबं, वर जाळी. वायर ती वायर. डिट्टो सेम!"

दिसायला ती केबल आणि मी सख्ख्या बहिणी, हे खरे. पण आमचा स्वभाव निराळा. मला टीव्हीचे चित्र वाहता येते. कॉम्प्युटरची बोलणी माझ्यात जोडाजोडाला आपटतात, मागे फिरतात आणि पुढून येणाऱ्या बोलण्यात मिसळून त्याचा चिखल करतात. पण मला विचारले कुणी? माझे कातडे सोलून मला भलत्या मापाच्या टोपणात कोंबले. दसऱ्याला माझ्यावरही हळदकुंकू पडले, झेंडूची फुले पडली. दोन मशीन जोडली होती, ती कशीबशी चालली. टाळ्या झाल्या. माझे कौतुक झाले ते तेवढेच, एक दिवस.

तिसरे मशीन सुमेधाचे. ती तुर्भ्याच्या वस्तीतून यायची. वडिलांचा कारखाना बंद पडलेला, घर तिच्यावर. दिवाळीनंतर तिला नोकरीत कायम करायचे की नाही ते ठरणार होते. तिने दसऱ्याची सुट्टी मागितली होती. "सर, आमचा धम्मदीक्षेचा दिवस असतो. विहारात कार्यक्रम आहे. दुसऱ्या दिवशी लवकर येते."

शेजारच्या टेबलावरची अरुणा म्हणाली होती, "अगं, पूजेपुरती ये. नारळ फुटताना हात जोडायला काय जातं?"

"माझे हात टायपिंगला आहेत, अरुणाताई," सुमेधा हसून म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलापर्यंत मला लांबवले, आणखी जोड मारले आणि तिचे मशीन जोडले. त्याच दिवसापासून सगळे अडू लागले. ती टाइप करायची आणि पडदा मध्येच गोठायचा. भरलेली माहिती नाहीशी व्हायची. ती पुन्हा पहिल्यापासून बसायची, जेवणाचा डबा न उघडता.

"हिचा हात लागला की बंद पडतं बाई," अरुणा कुजबुजली.

हेडक्लार्क दिनानाथ डोळे मिचकावून म्हणाला, "मुहूर्ताला पाठ फिरवली की असंच व्हायचं!"

हात लागला की! मित्रांनो, हे वाक्य मी तारेच्या आतपर्यंत ऐकले. कॉम्प्युटर आणला विलायती आणि डोके ठेवले आजोबांचे! मला तोंड असते तर ओरडले असते, की तिच्या हातात काही खोट नाही, खोट तुमच्या निवडीत आहे.

दिवाळीच्या तोंडावर एका कंटेनरचे कागद असेच अर्धे उडाले. माल बंदरात अडकला. पाटणकरांनी सगळ्यांसमोर सुनावले, "उद्यापासून येऊ नका."

सुमेधाचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. "सर, एकदा वायर तपासा. माझं मशीन जोडल्यापासून हे होतंय."

"वायरला काय धाड भरलीय? पूजा केलेली वायर आहे ती!"

तिने मशीन बंद केले, त्यावर कापड घातले आणि डबा उचलून निघाली. दारापर्यंत कुणी गेले नाही.

दिवाळीनंतर इंजिनियर खरी केबल घेऊन आला. मला बघून त्याने कपाळावर हात मारला. "ही टीव्हीची वायर कुणी लावली? दोन मशीन कशीबशी चालली असतील. तिसरं जोडलं की गोंधळ होणारच!"

अरुणा हळूच म्हणाली, "म्हणजे सुमेधाचं काहीच नव्हतं?"

दिनानाथने घसा खाकरला. "साहेब, तिला बोलवायचं का?"

"आता कशाला उकरून काढता? झालं ते झालं. तिच्या जागी माणूस घेतलाय मी."

आणि सगळे आपापल्या टेबलाला लागले. मला उपटून माळ्यावर फेकले. इथे उंदीरसुद्धा माझ्याकडे फिरकत नाहीत. खाली नव्या बहिणीमधून कागद झरझर जातात, ते मला ऐकू येते. तिचा मी हेवा करत नाही. ती तिच्या जागी आहे. मी मात्र ना गच्चीची झाले, ना ऑफिसची.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही काहीतरी निवडाल. वायर निवडाल, माणसे निवडाल. ज्याचे काम त्यालाच द्या. मुहूर्तासाठी घाई करू नका. तरीही चूक होईल, सगळ्यांची होते. मग ज्याच्या माथी ती मारली, त्याच्या दारात जा आणि तोंडाने कबूल करा. तुर्भे वाशीहून किती लांब आहे? सुमेधाला निरोप द्यायला कसलीच वायर लागणार नव्हती. एक माणूस पुरेसा होता. त्या अख्ख्या ऑफिसात तो निघाला नाही.