दोन वॉर्डांमधला बाक

लग्न पाहावं करून, असं म्हणतात. बाई आणि मास्तर यांनी ते लावून पाहिलं होतं, तेही एकोणीस वर्षं. ज्यांना आपलं लग्न घरापासून लांब, समुद्रकाठी नाहीतर डोंगरावर, मोजक्या माणसांत आणि आपल्याच शब्दांत व्हावंसं वाटे, ती जोडपी या नवराबायकोला बोलावत. सह्या-शिक्के कुठल्यातरी कचेरीत आधीच झालेले असत. चार माणसांसमोर उभं राहून जे बोलायचं, ते या दोघांचं काम. मास्तर पूर्वी शाळेत भाषा शिकवायचे, ते लिहीत. बाईंनी उमेदीची वर्षं रेडिओवर बातम्या वाचण्यात घालवली होती, त्या बोलत. "घरात ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून माझी वाक्यं तिच्याच तोंडी घालतो," असं मास्तर म्हणायचे.

नियम एकच होता. नको ते गाळायचं, पण नसलेलं घालायचं नाही.

या खेपेची नवरी बेचाळिशीची, शाळेत गणित शिकवणारी. नवऱ्या मुलाचं चष्म्याचं दुकान. दोघांचंही दुसरं लग्न. तिचा पहिला नवरा गेलेला, त्याची पहिली बायको गेलेली. बाई नेहमी दोघांशी वेगवेगळं बोलत. तो म्हणाला, "पुस्तकांच्या दुकानात भेटलो. एकाच पुस्तकाला दोघांनी हात घातला." दुसऱ्या दिवशी तीही म्हणाली, "पुस्तकांच्या दुकानात भेटलो. एकाच पुस्तकाला दोघांनी हात घातला." शब्दाला शब्द. बाईंचे कान टवकारले.

"कुठलं पुस्तक हो?"

नवरीला पुस्तकाचं नाव सांगता येईना. मग तिचा बांध फुटला.

दुकान नव्हतंच. हॉस्पिटल होतं. चौथ्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात तिचा नवरा, समोर बायकांच्या वॉर्डात त्याची बायको, आणि दोन वॉर्डांच्या मधे एक लोखंडी बाक. सात महिने दोघं त्या बाकावर बसत होते. "आमच्यात तेव्हा काही नव्हतं, बाई. पण माझा नवरा गेला त्याच्या तीन रात्री आधी मी या माणसाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते. लोक विचारतील, सुरुवात कधी झाली? काय सांगू? मलाच माहीत नाही. तुम्ही आपलं ते दुकानच सांगा."

मास्तरांनी दुकान लिहिलं. बाईंनी वाचलं आणि कागद बाजूला सारला. "हे माझ्या तोंडून निघायचं नाही."

"अगं, कुणाचं काय जातंय?"

"कुणाचं जातंय ते माहीत नाही. पण खोटं आहे. कसे भेटले ते गाळून टाका."

"लग्नाला आलेला माणूस पहिलं तेच विचारतो. तिथंच फट ठेवायची?"

दोघंही हट्टाला पेटले. शेवटी दोन मजकूर बॅगेत घालून ते लग्न होतं त्या हॉटेलवर आले.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी खोलीच्या दारावर टकटक झाली. बाहेर हिरवळीवर खुर्च्या मांडणं चालू होतं. दारात सत्तरी ओलांडलेली एक म्हातारी उभी होती, ताठ, हातातली छत्री काठीसारखी टेकलेली.

"मी नवरीची सासू."

बाई गोंधळल्या. नवऱ्या मुलाची आई तर केव्हाच गेलेली.

"पहिली सासू," म्हातारी म्हणाली. "पहिल्या नवऱ्याची आई."

मास्तरांनी उठून खुर्ची दिली. म्हातारी बसली, छत्री मांडीवर आडवी ठेवली.

"बोलावणं आहे मला. तिनं स्वतः पत्र लिहिलंय. लिहिलंय 'या', पण अक्षर म्हणतंय 'येऊ नका'. उद्या तुम्ही काय सांगणार आहात? दोघं कसे भेटले म्हणून?"

"ते आम्हाला सांगता यायचं नाही, आजी. त्यांनी आमच्याशी केलेलं बोलणं आमच्यापाशीच राहतं."

"मग मीच सांगते. पुस्तकांच्या दुकानात. पत्रात तेच लिहिलंय मला. मला!" म्हातारीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्या बाकावर तिसरी मी होते. 'जा, खाली जाऊन दोन घास खाऊन ये,' म्हणून तिला त्याच्यासोबत मीच धाडायची. ती त्याच्या खांद्यावर झोपली ना, तेव्हा दोघांच्या अंगावर शाल मी टाकली. तिला वाटतं, मला पत्ताच नाही. टाकून आत गेले, तर माझा मुलगा जागा. म्हणाला, 'ती झोपली का?' म्हटलं, 'झोपली.' म्हणाला, 'बरं झालं. किती दिवसांची जागी आहे.'"

बाहेर कुणीतरी खुर्च्यांची रांग मोजत होतं. मास्तरांनी खिडकी लावून घेतली.

"हे तिला कधी सांगितलं नाहीत?" त्यांनी विचारलं.

"नाही. चार वर्षं झाली. माझं पोर मरत होतं आणि हिला झोप लागली, याचा राग होता मला. ती मनातल्या मनात झुरत्येय हे दिसत होतं. म्हटलं, झुरू दे." म्हातारीनं मांडीवरची छत्री सरळ केली. "पण हे दुकान वाचलं आणि कसंतरीच झालं. त्या दुकानात माझा मुलगा नाहीच हो. नवऱ्या मुलाची ती बिचारी पहिली बायकोही नाही. दोघांना पुसूनच टाकलंय. उद्या तुम्ही त्यांचं सांगा. तुम्ही बोलणारी माणसं."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. "उद्याचं उद्या. आधी हे तुम्ही तिला सांगायचं. आत्ता."

"तिच्यासमोर माझी जीभ उचलत नाही."

"मग तिच्यासमोर गप्प बसा. पण चला."

बाईंनी म्हातारीला हाताला धरून दुसऱ्या मजल्यावर नेलं. नवरीनं दार उघडलं आणि ती जागच्या जागी थिजली. म्हातारी आत गेली, दार लागलं. बाई बाहेर थांबल्या. आधी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग रडणं, पण कुणाचं ते कळेना.

तेवढ्यात नवरा मुलगा जिना चढून आला. बाईंचा चेहरा बघून थबकला. "कोण आलंय?"

"तिच्या सासूबाई."

तो भिंतीला पाठ लावून तिथंच फरशीवर बसला. "त्यांच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत नाही, बाई."

दार उघडलं. नवरीचे डोळे सुजले होते. "आत ये," ती म्हणाली. "आई तुला बोलावतायत."

चार वाजता नवरीनं निरोप धाडला: दुकान काढून टाका, बाक सांगा. मास्तर निमूट लिहायला बसले. म्हातारीनं मजकूर वाचून घेतला आणि एकच दुरुस्ती सुचवली. "'दुःखानं एकत्र आणलं' हे काढा. दुःख कुणाला एकत्र आणत नाही. आम्हाला तर लांबच नेलं." मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासली होती, त्यांनी ते मुकाट्यानं खोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा होता. चाळीसेक माणसं बसली होती, म्हातारी पहिल्या रांगेत. बाई उभ्या राहिल्या.

"हे दोघं भेटले ते हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर, दोन वॉर्डांच्या मधल्या बाकावर. आत त्यांची माणसं होती. त्यांच्यासाठी हे जागत होते. तिथं प्रेम सुरू झालं का, ते यांनाही सांगता येत नाही. सोबत सुरू झाली, एवढं खरं. जे दोघं आज इथं नाहीत, त्यांच्यावाचून ही गोष्ट सांगता येत नाही, म्हणून आधी त्यांच्यासाठी उभे राहू या."

सगळे उठले. बातम्यांत अपघात, पूर, लढाया, सगळं न अडखळता वाचणारा बाईंचा आवाज इथं अडला. मग त्या कागदाकडे न बघता पुढचं बोलल्या.

नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मावशी मात्र उभी राहिली ती आत निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज फरशीवर शेवटपर्यंत ऐकू आला. जेवणालाही ती आली नाही. नवरी स्वतः ताट घेऊन तिच्या खोलीशी गेली आणि भरलेलं ताट घेऊन परत आली.

"आपण चुकलो का गं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

पलीकडच्या टेबलाशी म्हातारी बसली होती. नवरीनं मावशीचं ताट तिच्यासमोर ठेवलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. म्हातारीनं ताट दोघींच्या मधोमध सरकवलं. दोघी एकाच ताटातून जेवू लागल्या.