सगळ्यांना ऐकू आलेलं वाक्य

“मावशी, आत्ता कोणी काही बोललं का?”

काजवाल्या मावशीने मान वर न करता हातातल्या शर्टाचं काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, “कुठं काय? एवढ्या खडखडाटात कोण काय बोलणार? तू आपलं काम कर बाबा.”

मिस्त्री पुन्हा अकरा नंबरच्या मशीनवर वाकला. ते सकाळपासून टाके सोडत होतं. त्याने सुई बदलली, शटल पुसून घेतलं, तेलाचे दोन थेंब सोडले आणि हाताने चाक फिरवत कान लावला. मशीन सुतासारखं सरळ झालं होतं. पण मघाचा शब्द काही डोक्यातून जाईना. ‘वेडा.’ बाईचा आवाज, डावीकडून, पाठीमागून, अगदी स्वच्छ. आणि मावशी तर म्हणते, कोणी बोललंच नाही.

शिवणकामाच्या त्या कारखान्यात चोवीस मशीनं होती, तेवढ्याच बाया होत्या, आणि त्या सगळ्यांत मिस्त्री एकटा. नऊ वर्षांत त्याला नावाने हाक मारण्याची वेळ कुणावर आली नव्हती. मशीन कुरकुरलं की ‘मिस्त्री!’ एवढं पुरायचं. जवळ येईपर्यंत नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, “पट्टा ढिला झालाय,” नाहीतर, “बॉबिन वाकडी बसवलीय, काढा.” बाया हसायच्या. म्हणायच्या, “याला मशीनचं कण्हणं ऐकू जातं, माणसांचं बोलणं तेवढं जात नाही.” कारण दर दोन-चार दिवसांनी तो मावशीला तोच प्रश्न विचारायचा, कोणी बोललं का म्हणून. मिस्त्रीचा कान जड आहे, असं सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं. त्यानेही तो समज मोडला नव्हता. बहिऱ्याला लोक फार तर हसतात.

खरी गोष्ट घरी एकट्या ताईला ठाऊक होती. चोविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले होते. दोन पुरुष आणि एक बाई. तो काय करतोय ते एकमेकांना सांगत बसायचे. ‘आता दात घासतोय. बघ, आता चूळ भरेल.’ मग ते सांगणं हळूहळू शिव्यांवर आलं, आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्याविषयीच कुजबुजतोय असं त्याला वाटू लागलं. नातेवाइकांनी नाना उपाय सुचवले. ताईने कोणाचंही न ऐकता त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्या लिहून दिल्या, दर दोन महिन्यांनी तपासायला बोलावलं आणि एक नियम घालून दिला. “शंका आली की विश्वासातल्या माणसाला विचारायचं. त्यालाही ऐकू आलं असेल तर ते खरं. नसेल तर आजार बोलतोय, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.”

नियम साधा होता आणि चौदा वर्षं चालला. घरी ताई आणि कामावर मावशी. मावशीला यातलं काही माहीत नव्हतं, पण तिचं उत्तर कधी चुकलं नाही. “अरे, मीच शिंकले,” “हो, मालकीणबाईंनी हाक मारली, जा,” किंवा “छे, कोणी नाही.” मिस्त्री तेवढ्यावर निश्चिंत व्हायचा.

गेल्या दोन आठवड्यांत मात्र मावशीचं एकच उत्तर होतं. कोणी नाही. आणि आवाज तर रोज येत होते. ‘वेडा.’ ‘याच्यापासून जपून गं.’ एकदा नुसतंच हसणं. शिवाय इतर गोष्टीही होत्या. तो मशीनजवळ गेला की तिथली बाई पाणी प्यायला उठायची. चहाचा कप पूर्वी हातोहात यायचा, आता खिडकीत ठेवलेला सापडायचा. कापड कापायची मोठी कात्री टेबलावरून कपाटात गेली होती. हे सगळं आपण खरंच पाहतोय की मन त्यातून भलतंच काही विणतंय, हे त्याला कळेना. चौदा वर्षांपूर्वीही सुरुवात अशीच झाली होती. तेव्हाही सगळं इतकंच खरं वाटायचं.

त्याने ताईला सांगितलं. ताईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. “मावशींना विचारलंस?”

“रोज विचारतो. नाही म्हणतात.”

“मग चल,” ताई म्हणाली. “उद्याच जाऊ.”

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ प्रश्न विचारले. “या मावशी खरं सांगतात, याची खात्री आहे?”

“नऊ वर्षं सांगतायत,” मिस्त्री म्हणाला.

बाईंनी गोळी वाढवली आणि महिन्याने पुन्हा यायला सांगितलं.

वाढलेल्या गोळीने आवाज काही थांबले नाहीत, पण मिस्त्री थांबल्यासारखा झाला. जीभ जड, डोळ्यांवर सतत झापड. बोटं थरथरायची. इतकी की बारीक स्क्रू धरायला दोन्ही हात लागायचे. मशीनचे आवाज तर कोणीतरी वर उशी दाबून धरल्यासारखे येऊ लागले. पट्टा की शटल, काही उमगेना. एके दिवशी त्याने कॉलर शिवणाऱ्या बाईच्या मशीनला सुई उलटी बसवली. तिने पायडल दाबताच सुई मोडली आणि तुकडा उडून तिच्या भुवईत घुसला. रक्त आलं. डोळा थोडक्यात वाचला. मिस्त्री हात जोडून पुन्हा पुन्हा माफी मागत राहिला, आणि ती बाई भिंतीला पाठ लावून त्याच्याकडे नुसती बघत राहिली. नऊ वर्षांत त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली.

चालू मशीनच्या गदारोळात बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि रोजच्या सवयीने बाया ओरडूनच बोलायच्या. चोवीस मशीनं एकाच क्षणी थांबली, पण कॉलरवालीची जीभ थांबायच्या आत तिचं वाक्य त्या शांततेत मोकळं पडलं.

“…असल्या वेड्याच्या हातात मशीनं देतात तरी कशी! उद्या कात्री घेऊन अंगावर धावून आला म्हणजे?”

कुठेतरी एक बॉबिन घरंगळत गेली. सगळ्या माना आधी कॉलरवालीकडे वळल्या आणि मग, एकदमच, मिस्त्रीकडे.

तो स्क्रू ड्रायव्हर हातात धरून उभा होता. “तुम्हाला सगळ्यांना ऐकू आलं?” त्याने विचारलं.

एकजण पडलेली बॉबिन उचलायला वाकली. तो मावशीकडे वळला.

“मावशी, तुम्हाला आलं? खरं सांगा.”

मावशीने पदर तोंडाला लावला होता. तो खाली घेऊन ती हळूच म्हणाली, “आलं रे.”

आणि मिस्त्री हसला. हसायचं नव्हतं, पण त्याचा जीवच असा काही भांड्यात पडला की हसू आवरेना. आवाज खरा होता! बाई खरी, शब्द खरा, कात्री खरंच कपाटात ठेवलेली. आजार परत आलेला नव्हता. लोक त्याला वेडा म्हणत होते, म्हणजे तो ठीक होता. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर तो हसला. भानावर आला तेव्हा पुढच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. बाया दाराशी गोळा झाल्या होत्या आणि एकजण मालकीणबाईंना बोलवायला धावली होती.

मावशी त्याला दंडाला धरून जिन्यात घेऊन आली. “बस इथं. आणि हसू नकोस रे, त्या घाबरल्यात.”

“मावशी, मग तुम्ही रोज ‘कोणी नाही’ असं का म्हणालात?”

“मग काय सांगू? महिन्यापूर्वी कॉलरवाली सासऱ्यांचे डोळे दाखवायला इस्पितळात गेली होती. तिथं तू वेड्यांच्या डॉक्टरच्या दाराशी बसलेला दिसलास. झालं! आधी म्हणाली, याला औषधं चालू आहेत. मग म्हणाली, याच्या अंगात दोन माणसं आहेत, सिनेमात असतात तशी. रोज नवं काहीतरी. मला वाटलं, तुझा कान जड, तुला अर्धंमुर्धंच ऐकू गेलं असेल. कशाला तुझ्या जिवाला घोर?”

मिस्त्री पायरीवर टेकला. मग त्याने तिला सगळं सांगितलं. आवाज, नियम, नऊ वर्षं तिला विचारलेला प्रश्न, वाढवलेली गोळी, उलटी बसलेली सुई.

“म्हणजे माझ्यामुळं?” मावशीने कपाळाला हात लावला. “मी आपलं चांगल्यासाठी म्हणून…” मग तिने चाचरत विचारलं, “म्हणजे ती म्हणते ते खरं?”

“आजार खरा. कात्रीचं खोटं.”

मावशी नकळत एक पायरी वर सरकली. मग तिचं तिलाच ते जाणवलं असावं. पुन्हा खाली येऊन ती त्याच्या शेजारी बसली, आधीपेक्षा जवळ, आणि वीज आल्यावरच उठली.

संध्याकाळी मालकीणबाईंनी त्याला आत बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि टेबलावरचे कागद दोनदा उगीच सारखे केले.

“मिस्त्री, तुम्ही जरा थकलेले दिसता. थोडे दिवस घरी आराम करा. मग बघू.”

“किती दिवस?”

“बघू ना. बरं वाटू दे.”

“बाई, मला बरं वाटतच होतं. औषध वाढलं म्हणून हात थरथरतायत. ते पूर्ववत केलं की थांबतील. डॉक्टरांची चिठ्ठी आणून देतो. एक मात्र करा. मला नको म्हणायचं असेल तर नको म्हणा, आराम कर म्हणू नका. माझा फार गोंधळ होतो.”

बाईंनी कागद पुन्हा उचलले आणि खाली ठेवले. बाहेर मशीनं चालू होती. मग त्या खाली बघत म्हणाल्या, “बायका घाबरतात, मिस्त्री. चौघींनी सांगितलंय, तो असेल तर आम्ही येणार नाही. आणि खरं सांगायचं तर, दुपारी तुम्ही हसत होतात ना, तेव्हा मीही घाबरले. नऊ वर्षांत तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, हे मला कळतं. पण भीती वाटली. नका येऊ उद्यापासून.”

मिस्त्रीने मान डोलावली. “बरं झालं, स्पष्ट सांगितलंत,” तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं. दार ओढून घेतल्यावर मात्र त्याचा पाय तिथून निघेना. जे ऐकायचं होतं तेच ऐकलं होतं. मग आता हे काय होतंय, हे त्याला समजेना.

जायच्या आधी तो मावशीजवळ थांबला. “नवा माणूस येईल त्याला सांगा. सात नंबरला जाड तेल चालत नाही. एकोणीसचं पायडल सोडल्यावरही मशीन दोन टाके जास्त घेतं, ती त्याची खोड आहे, उघडत बसू नको म्हणावं. आणि अकराची सुई आठवड्याला बदलायची.”

“मला एवढं कुठं लक्षात राहायला?” मावशी रडवेली झाली.

“मग कागदावर लिहून देतो,” तो म्हणाला. पण थरथरत्या हाताने लिहिलेलं त्याचं त्यालाच वाचता येईना. तेव्हा पलीकडून कॉलरवाली उठली. भुवईवर पट्टी तशीच होती. ती जवळ आली नाही. दोन मशीनं सोडून उभी राहिली आणि पेन उघडून म्हणाली, “सांगा. मी लिहिते.”

त्याने चोवीसही मशीनचं सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं. एकदाही वर पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून गोळी पूर्वीएवढी केली. “चूक तुमची नव्हती,” त्या म्हणाल्या. मग कोणाची होती, असं त्याला विचारावंसं वाटलं, पण बाहेर रांग मोठी होती.

पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी ताई चहा घेऊन बाहेर आली तर तो कपडे करून उंबऱ्याशी बूट घालत बसला होता.

“कुठं निघालास?”

“पुलापलीकडे गणवेशाचा कारखाना आहे. मिस्त्री हवाय म्हणतात.”

ताई त्याच्यासमोर टेकली. “त्यांना सांगणार आहेस?”

“विचारलं तर सांगेन.”

“आणि नाही विचारलं तर?”

त्याने दुसरा बूट ओढून घेतला. आपण गप्प राहिलो तर ते खोटं बोलणं ठरतं का, आणि सांगितलं तर आपण ठीक आहोत हे पुढचं खरं कोण ऐकून घेईल, याचा तो रात्रंदिवस विचार करत होता आणि त्याला तळ लागत नव्हता. बोटं बरीच सुधारली होती, पण अजून पुरती ताब्यात आली नव्हती. बुटाची नाडी निसटली. त्याने पुन्हा बांधली, पुन्हा निसटली. ताईने मदतीला हात पुढे केला, मग तो तसाच मागे घेऊन चहाच्या कपाभोवती धरला.

“अजून वेळ आहे,” ती म्हणाली.

“हो, आहे,” तो म्हणाला आणि त्याने नाडीची दोन्ही टोकं सारखी करून घेतली.