भिकनचा पहिला घास

भिकनच्या पोटाची ख्याती सुरतेत भेस्तानपासून कामरेजपर्यंत. कुठल्याबी पंगतीत वाढणारा त्याच्या ताटापाशी आला की आधी पदर खोचल्यासारखी कंबर कसायचा. असला खाणारा गडी, आणि त्या रविवारी पुरणपोळीकडं असा बघत बसला की जणू कुणी ताटात वीट वाढलीय.

तेबी कुठल्या रविवारी? तर कानबाईच्या! श्रावणातली कानबाई म्हंजे खानदेशी माणसाची दिवाळीच की. घरातल्या दर पुरुषाच्या नावानं गहू काढायचा, त्याचा रोट, म्हंजे देवीची पुरणपोळी, करायचा, आणि तो भाऊबंदांनीच खाऊन संपवायचा. परक्याला त्यातला कण मिळत नाही. शिवाय ह्या घराण्याची आपली एक रीत होती. ज्याच्या घरी देवी बसली, त्यानं पहिला घास खायचा. तोवर बाकीच्यांचे हात मांडीवर.

सुरतेत लूम चालवता चालवता भिकनचे केस पिकले, पण देवी त्याच्या घरी बसायची ही पहिलीच वेळ. त्या पहिल्या घासासाठी गडी वर्षानुवर्षं टपून होता.

आता सुट्टी हवी म्हणून त्यानं पाळीला पाळी जोडली. रविवारी सकाळी खात्यातून, म्हंजे लूमच्या कारखान्यातून, सुटला तेव्हा डोळे मिटत होते, पाय वाकडे पडत होते. शेजारच्या लूमवरचा चेतन म्हणाला, "काका, असं झोपत झोपत देवीला बसवणार का? ही गोळी घ्या."

"कसली रं?"

"तरतरीची. चहाची थोरली बहीण समजा."

भिकननं गोळी गिळली. आणि मग काय सांगावं! झोप पार पळाली. घरी येऊन त्यानं पंखा पुसला, चौरंग घासला, फुलांच्या माळा बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. शेजारच्या गुजराती बेनला धरून लूमवर दोऱ्यापासून साडी कशी होते ती सगळी कथा ऐकवली. ती बिचारी "हां भाई, हां भाई" करत दार लोटून घेत होती.

बायको शोभाबाई हरखली. "देवी पावली बाई! माझं माणूस कधी झाडूला हात लावत नव्हतं."

पण दुपार झाली आणि गंमत सरली. जीभ कोरडी ठाक, दात दातावर घासतायत, बोटं थरथरतायत, आणि छातीत असा खडखडाट की आख्खं खातंच आत चाललंय. त्यात पंगत बसली. तुपाची धार पडली. भिकननं घास उचलला, तोंडात घातला, आणि तो तिथंच फिरत राहिला. पोटात भूक म्हणून नावाला नाही. घास परत हातात आला.

पंगत बघतेय. पोरं रडायला लागली. भाऊबंदांतला वाल्मिकभाऊ पुटपुटला, "अरे भिकन, आम्हाले बी पोट शे ना!"

म्हाताऱ्या सरलाबाईनं, म्हंजे भिकनच्या चुलतीनं, वाकून त्याच्या तोंडाकडं बघितलं. बुबुळं ही मोठी, कपाळावर घामाच्या धारा, अंग थरथरतंय. "माय व माय!" तिनं हात जोडले. "कानबाई अंगात आली!"

झालं! सगळ्यांनी हात जोडले. भिकनला वाटलं, बरं झालं, घासाचं तरी टळलं. आणि गोळीनं जीभ अशी सुटलेली की थांबेना.

"माय, मना गुडघा कव्हय बरा व्हई?" सरलाबाईनं विचारलं.

"जिने चढू नको! तेल चोळ!"

"आन मना जावई?" वाल्मिकनं विचारलं.

"तो ऐतखाऊ आहे! त्याला कामाला लाव!"

जावई पंगतीबाहेर, पण समोरच चहा पीत बसला होता. पंगत फुटली हसून. तेवढ्यात भिकनची पुतणी वर्षा उठली. पोरगी नर्सिंग शिकते. तिनं देवीच्या पाया पडायच्या निमित्तानं देवीची नाडीच धरली आणि हळूच म्हणाली, "काका, काय खाल्लंय?"

भिकननं चौरंगावरच्या कानबाईकडं बघितलं. तिच्या नावानं थाप मारायची हिंमत होईना. "माय, माफ कर," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "अंगात तू नाहीस. गोळी आहे."

वर्षानं रिक्षा बोलावली. भिकन ताटाकडं बघून रडकुंडीला आला. "आणि पहिला घास? माझ्यापायी देवीसमोर सगळे उपाशी?"

तेव्हा शोभाबाई ताटावर बसली. "घर काय एकट्या तुमचं आहे? रोट मी भाजलाय." तिनं घास मोडला आणि खाल्ला. सगळे सरलाबाईकडं बघायला लागले. म्हातारी म्हणाली, "देवी बी बाईच शे. जेवा रे!"

सरकारी दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. ठोके जोरात होते, पण धोका टळला होता. भिकन खाटेवर पडून असताना वर्षा म्हणाली, "काका, दोरा तुटला की लूम आपोआप थांबतो ना? तसं थकल्यावर डोकं माणसाला थांबवतं. ही गोळी ते थांबवणारंच बांधून ठेवते. भूक, झोप, थकवा, कशाचीच हाक ऐकू येत नाही. पण थकवा जातो कुठं? बसतो दाराबाहेर. आणि काळीज मात्र पळत राहतं. एखाद्याचं बंद पडतं."

"म्हंजे लूम चालू आणि कापड खराब," भिकन म्हणाला. त्याला चटकन समजलं.

घरी आणल्यावर दाराबाहेर बसलेला तो थकवा आत शिरला. भिकन असा झोपला की सोमवारी त्याच्या उशाशी बँड वाजला, कानबाई वाजतगाजत टेम्पोत बसून तापीवर गेली, तरी कूस बदलली नाही. उठला तेव्हा ऊन कलत होतं.

"कानबाई निघाली का?"

"बुडवून बी आलो!" सगळे हसले.

भिकनच्या पोटात मात्र आग पेटली होती. दारात चेतन उभा, तोंड एवढंसं करून. पुरणाचा वास येताच म्हणाला, "काका, मला थोडं...?"

"रोट आहे, परक्याला चालत नाही. तू चहा पी. आणि त्याची थोरली बहीण त्या मोरीत टाक, माझ्यादेखत."

चेतननं गोळ्यांचं पाकीट मोरीत रिकामं केलं. भिकननं पोळीवर तूप ओतलं, तोंड उघडलं, तोच शोभाबाईनं मनगट धरलं.

"थांबा. पयला घास माझा."